काचेच्या पेटीतले पाहुणे आणि उजनीतला सकर मासा

माशांची काचपेटी ही शहरातली हौस. तिच्याशी शेतकऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न हा लेख उघडताच वाचकांच्या मनात येईल. गेल्या उन्हाळ्यापर्यंत प्रस्तुत लेखकाचेही मत याहून निराळे नव्हते. तथापि एका घरातील पेटीत झालेली कृमींची पैदास पाहण्यास म्हणून आम्ही गेलो आणि तेथून निघालेली गोष्ट उजनीच्या काठावर जाऊन पोहोचली. गावोगावी शेततळी झाली आहेत, त्यांत मासे सोडले जात आहेत, आणि काचपेटीतील जीव आता पेटीतच राहत नाहीत. सबब ही हकीकत गावपातळीवर काम करणाऱ्या सेवकांच्या व शेतकरी बंधूंच्या कानावर घालणे आम्हांस जरूरीचे वाटते.

सोलापूर शहरात आमच्या परिचयाचे एक शिक्षक राहतात. त्यांच्या घरी दोन काचपेट्या आहेत, एक गोड्या पाण्याची व दुसरी खाऱ्या पाण्याची. समुद्र येथून फार दूर; तेव्हा खारे पाणी घरीच करावे लागते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने त्यांच्या १५० लिटरच्या पेटीत सव्वापाच किलो मीठ विरघळलेले असते. त्या पाण्यात रंगीत मासे, थोडी प्रवाळे आणि समुद्रातून आणलेले खडक. एके रात्री दिवे मालवल्यावर त्यांनी सहज बॅटरीचा झोत पेटीत टाकला, तो खडकांच्या फटींतून बोटभर लांबीचे, नारिंगी-गुलाबी रंगाचे, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झालरी असलेले कितीतरी कृमी बाहेर आलेले दिसले. उजेड पडताच ते आत शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आमच्या कचेरीत हजर. म्हणाले, “तुम्ही शेतीखात्यातले. अळीवरचे औषध तुम्हांला ठाऊक असणारच. कोणते फवारू?”

ज्या गृहस्थाने कपाशीवरील बोंडअळी आणि तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी यांवर उन्हातान्हात भाषणे केली, त्याला समुद्रातील कृमीवर सल्ला देण्याची पाळी यावी, हा योग मोठा मौजेचा होता. आम्ही प्रथम पेटी पाहावयास गेलो.

या कृमींना शूककृमी म्हणता येईल. शेतकऱ्यांना वाटेल की हा कोणी परका प्राणी. परंतु तो आपल्या गांडुळाच्याच गोतातला आहे. गांडूळ हातात घेऊन शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर बारीक खरखर लागते. ते त्याच्या अंगावरचे काटे होत. गांडुळाला ते थोडके व आखूड असतात, तर समुद्रातील या भाऊबंदाला प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंस त्यांचे झुबके असतात. हे काटे ठिसूळ असून उघड्या हाताने कृमी धरल्यास कातडीत मोडून बसतात व जळजळ सुरू होते. असे झाल्यास चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढून काढावेत.

हे कृमी येतात कोठून? खडकांच्या फटींत बसून, विकत आणलेल्या मालाबरोबर, फुकट. आणि खातात काय? बहुतेक जाती उष्टे-खरकटे, मेलेला मासा, खडकावर साठलेला गाळ यांवर जगतात. प्रवाळे कुरतडणाऱ्या काही जाती आहेत खऱ्या, पण पेटीत सामान्यतः आढळणारे कृमी हे झाडूवालेच होत. पाच-दहा असले तर बिघडत नाही, उलट बरेच. शंभर दिसू लागले की समजावे, पेटीत अन्न अधिक पडत आहे. गुरुजींच्या घरी तसेच निघाले. सकाळी ते स्वतः मूठभर खाद्य टाकीत, दुपारी आजोबा टाकीत आणि संध्याकाळी नातवाला मासे वर आलेले पाहावयाचे असत. माशांनी खाऊन उरलेले सारे तळाशी जाई व कृमींच्या पंक्तीला पडे.

औषध घालण्यास आम्ही साफ मना केले. कारण सोपे आहे. विषाने कृमी एकदम मेले तर ते खडकांच्या आत कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो आणि ज्या माशांसाठी हा खटाटोप केला तेच मासे उताणे होतात. सांगितले ते एवढेच: खाद्य दिवसातून एकदा, माशांनी दोन मिनिटांत संपवावे इतकेच द्यावे, तळाचा गाळ नळीने ओढून काढावा, प्लॅस्टिकच्या लहान बाटलीला बारीक छिद्रे पाडून आत कोळंबीचा तुकडा घालावा व रात्री ती खडकाजवळ ठेवावी. पहाटे उजाडण्यापूर्वी ती उचलली की आत शिरलेले कृमी आपसूक बाहेर येतात. चिमट्याने धरताना तुकडे पडू देऊ नयेत, कारण यांच्या काही जातींत तुटलेल्या तुकड्यापासून पुन्हा नवा कृमी तयार होतो. हे कृमी खाणारे काही खेकडे व मासे मिळतात, असे दुकानदाराने गुरुजींना सांगितले होते. एका पाहुण्याला घालवण्यास दुसरा पाहुणा आणावा, ही युक्ती आम्हांला पटली नाही. ती का पटली नाही, ते पुढे येईल.

जाता जाता एक गोष्ट. गुरुजी पेटीतून काढलेले पाणी परसातल्या कढीपत्त्याला घालीत. पानांची टोके करपली तेव्हा त्यांना वाटले, झाडाला रोग पडला. ज्या भागात पाण्याच्या अतिरेकाने जमिनी खाऱ्या आणि चोपण होत आहेत, तेथील शेतकऱ्याला यावर अधिक सांगण्याचे कारण नाही.

निघण्याच्या वेळी गुरुजींनी दुसरी पेटी दाखवली. गोड्या पाण्याची. तिच्यात दीड फूट लांबीचा, काळपट, अंगभर ठिपके असलेला एक मासा काचेला तोंडाने चिकटून बसला होता. “चार वर्षांपूर्वी दोन इंचांचा आणला होता, काचेवरचे शेवाळ खातो म्हणून. आता पेटीत वळायलाही त्याला जागा उरली नाही. कंबर तलावात सोडून द्यावा म्हणतो. बिचारा सुटेल तरी.”

तो सकर मासा होता. आणि त्यापूर्वी एकच महिना आम्ही तो मासा उजनीच्या काठावर ढिगाने पडलेला पाहिला होता.

उजनीच्या काठावर

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या जलाशयाचा फुगवटा माढा, करमाळा, इंदापूर या तालुक्यांतून थेट भिगवणच्या पुढे जातो. सोलापूर शहर हेच पाणी पिते, ऊस यावरच उभा आहे. त्या पाण्यावर आणखीही एक शेती चालते, ती म्हणजे मासेमारी. धरणाच्या काठची कितीतरी कुटुंबे तंगुसाच्या जाळ्यावर आणि एका होडीवर संसार चालवितात. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम आणि सर्वांत मुबलक म्हणजे चिलापी, असा तेथील माल.

करमाळा तालुक्याच्या बाजूस एका शेततळ्याच्या पाहणीसाठी आम्ही गेलो असता सकाळच्या वेळी होड्या काठाला लागत होत्या. एक वयस्क मच्छीमार जाळ्यातून मासा सोडवीत नव्हता, कोयत्याने जाळेच कापीत होता. विचारले तर म्हणाला, “साहेब, ह्यो मासा न्हाई, जाळ्याचा काळ हाय. मासा निघंल, पण जाळं घिऊन निघंल.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. सकर माशाच्या अंगावर खवले नसून हाडांच्या कठीण चकत्या कौलांसारख्या एकीवर एक बसविलेल्या असतात. पाठीच्या व बाजूच्या परांना खरखरीत काटे असतात आणि मासा सापडला की ते ताठ करून धरतो. तंगुसाच्या बारीक धाग्यात हा प्रकार अडकला की धागा तोडल्यावाचून गत्यंतर नाही. बाजारात त्याला भाव नाही, कारण एवढ्या चिलखतातून मांस निघते थोडे. म्हणजे श्रम गेले, माल नाही, आणि जाळे फाटले ते निराळेच. कर्ज काढून जाळे घेतलेल्या माणसाला याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. शास्त्रज्ञ त्याच्या वंशाला टेरिगोप्लिक्थिस म्हणतात. तोंड खालच्या अंगाला, गोल, चूषकासारखे. त्याने दगडाला वा काचेला चिकटून शेवाळ खरवडतो. याच गुणामुळे काचपेटीचा झाडूवाला म्हणून जगभर त्याची विक्री झाली. तो समुद्र ओलांडून स्वतः आला नाही. पेटीत मावेनासा झाला म्हणजे त्याचा मालक दयाबुद्धीने त्याला जवळच्या तलावात, ओढ्यात किंवा नदीत सोडतो, आणि तेथून पुढची वाट पाणीच त्याला दाखवते. मारणे पाप, सोडणे पुण्य, अशी आपल्याकडे भावना आहे. तिचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सुटलेल्या एका माशामागे किती जाळी फाटतील याचाही विचार त्या भावनेत असावयास हवा.

आंध्र, केरळ, तमिळनाडू, बिहार, बंगाल इतक्या ठिकाणच्या पाण्यात हा मासा सापडला आहे. वाराणसीजवळ गंगेतही २०२० साली तो मिळाला. मेक्सिको देशात इन्फिएर्निल्लो नावाचे मोठे धरण आहे. तेथे आपल्या उजनीप्रमाणेच चिलापीवर हजारो लोकांचा निर्वाह चाले. सकर मासा शिरल्यावर काही वर्षांत तेथील जाळ्यांत चिलापीपेक्षा सकरच अधिक येऊ लागला आणि तो धंदा बसला. उजनीचे तसेच होईल असे भाकीत आम्ही करीत नाही. परंतु दोन्हीकडची परिस्थिती इतकी सारखी आहे की तिकडे डोळेझाक करणेही बरे नव्हे.

परदेशी मासा म्हणजे शत्रूच, असे मात्र समजू नये. चिलापी आफ्रिकेतली, १९५२ साली ती मुद्दाम भारतात आणली गेली. देशी माशांचे तिने नुकसान केले, हा आक्षेप खोटा नाही. परंतु आज उजनीच्या काठी चूल पेटते ती बऱ्याच अंशी तिच्यावर. गवत्या मासा १९५९ साली आला व तळ्यातील पाणवनस्पती खाण्याच्या कामी तो उपयोगी पडतो. आफ्रिकी मांगूर मात्र देशी मासे फस्त करणारा ठरला, म्हणून त्याच्या पैदाशीस केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. ज्याचा त्याचा गुण पाहूनच निवाडा करावा लागतो. सकराच्या पदरात मच्छीमारासाठी गुणाचे काही सापडत नाही.

एवढा का वाढतो?

येथे गुरुजींची पेटी पुन्हा आठवावी. तिच्यात कृमी कशाने वाढले? वरून पडणाऱ्या जादा अन्नाने. उजनीचेही तेच आहे, फक्त मूठ मोठी आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि पुढे भीमा या वाटेने जलाशयात येते. शेतातून वाहून आलेले नत्र-स्फुरद त्यात मिसळते. उन्हाळ्यात पाणी हिरवेगार होते, ते या खुराकावर पोसलेल्या शेवाळामुळे. शेवाळ व तळचा गाळ हेच सकराचे जेवण. रोहू-मृगळांच्या वाट्याचा घासही तो घेतो, आणि तळ खरवडताना इतर माशांची अंडी त्याच्या पोटात जातात.

शिवाय त्याचे शरीर अशा पाण्यासाठीच घडल्यासारखे आहे. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की रोहू-कटला तोंड वर काढून मरू लागतात. सकर वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि जठराच्या मार्गे श्वास घेतो. पाण्याबाहेरही तो कित्येक तास जिवंत राहतो. म्हणून विष घालून त्याचा नाश करण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती तेथेच सोडावी. ते विष आधी आपले मासे मारील, नंतर माणसांच्या घागरीत जाईल, आणि सकर राहील तो राहीलच. पेटीत औषध का घालू नये याचे जे कारण, तेच येथे शंभरपटीने लागू आहे.

पाटबंधाऱ्याच्या व जलसंधारणाच्या कामाशी संबंध असलेल्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. याचा नर काठाच्या चिकण मातीत आडवे बीळ करतो. ते सुमारे हातभर, कधी त्याहून अधिक खोल असते. मादी त्यात अंडी घालते, शेकड्यांनी, मोठी असल्यास हजारांनी, आणि पिल्ले फुटेपर्यंत नर दाराशी बसून राखण करतो. राखणीमुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे. अशा बिळांनी अमेरिकेत व मेक्सिकोत तळ्यांचे काठ ढासळले आहेत. आपल्या जिल्ह्यात मातीच्या बांधाचे पाझर तलाव ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या बांधात अशी बिळे पडू लागली तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या अंगावर येईल?

करावयाचे काय?

उजनीसारख्या विस्तीर्ण पाण्यातून हा मासा पुरता नाहीसा करण्याचा उपाय जगात कोणाला साधलेला नाही. त्याची संख्या आवरणे आणि नव्या पाण्यात त्याला जाऊ न देणे, एवढेच हाती आहे, आणि ते पुष्कळ आहे.

मच्छीमार बंधूंनी जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात टाकू नये. काठावरही जिवंत टाकून जाऊ नये; ओलाव्यात तो तासन्‌तास तग धरतो आणि सरपटत पाण्यात परततो. डोक्यावर जोराचा घाव घालून तो तेथेच संपवावा. मेलेल्या माशांसाठी काठापासून दूर दोन-तीन फूट खोल खड्डा करावा, एक थर माशांचा, एक थर शेणाचा व पालापाचोळ्याचा द्यावा, वर फूटभर माती दाबावी म्हणजे कुत्री उकरत नाहीत. कुजलेले खत फळझाडांच्या बुडाला घालावे. अंगावरच्या चकत्या लवकर कुजत नाहीत, म्हणून घाई करू नये. या माशांची भुकटी कोंबड्यांना घालण्याची सूचना काहींनी आमच्याकडे केली. सांडपाण्याचा माल असल्याने तपासणीवाचून आम्ही तिला रुकार देणार नाही.

उत्तम संधी उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पाणी मागे हटते, काठ उघडे पडतात, त्यांतील बिळांची तोंडे दिसू लागतात आणि डबक्यांत मासे अडकून राहतात. त्या वेळी मच्छीमार संस्थांनी व ग्रामपंचायतींनी मिळून दोन-चार दिवस काढले तर हातानेही पुष्कळ सकर धरता येतील. हाताला जाड गोणपाट गुंडाळावे. गावपातळीवरील सेवकांनी अशी बिळे जेथे दिसतील त्या जागा टिपून मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कचेरीस व पाटबंधारे खात्यास कळवाव्यात.

आता शेततळ्यांविषयी, कारण आमच्या वाचकांचा खरा संबंध त्यांच्याशी आहे. माढ्याकडे एका होतकरू तरुण शेतकऱ्याने प्लॅस्टिकच्या अस्तरावरचे शेवाळ खाण्यासाठी शहरातून चार सकर मासे आणून आपल्या शेततळ्यात सोडलेले आम्ही स्वतः पाहिले. त्याचा तर्क चुकीचा नव्हता. आरोग्य खाते डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडते, तर शेवाळासाठी सकर का नको? परंतु विहीर बांधलेली असते, आणि शेततळे पावसाळ्यात सांडते. सांडवा ओढ्याला, ओढा नदीला मिळतो. तळ्यात शेवाळ माजले असेल तर त्यात शेण व खाद्य किती पडते ते आधी पाहावे. पाणी गर्द हिरवे दिसू लागताच खत व खाद्य काही दिवस बंद करावे. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ खाण्यास चंदेरी मासा थोडक्या संख्येने चालतो.

उजनीतून, कालव्यातून वा नदीतून पंपाने तळे भरणाऱ्यांनी नळाच्या तोंडाला नायलॉनची बारीक, दुहेरी जाळी बांधावी आणि दर पाळीला ती झटकून पाहावी. सांडव्यावरही जाळी असावी. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते पांढऱ्या टबात ओतून निरखावे. चपटे, काळसर, तळाला चिकटून राहणारे पिल्लू दिसले की बाजूला काढावे.

मातीच्या तळ्यात सकर आधीच शिरला असल्यास उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवावे, तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे व काठाची बिळे खणून पाहावीत, कारण ओल्या बिळात हा मासा काही काळ टिकून राहतो. नंतर गुंठ्याला अडीच किलो कळीचा चुना पसरावा. आटवणे अशक्य असेल तेथे मोहाची पेंड गुंठ्याला मीटरभर पाण्यास २५ किलो या प्रमाणात भिजवून टाकतात. तिने तळ्यातील झाडून सारे मासे मरतात व पुढे तिचे खत होते. नवे बीज तीन आठवड्यांनंतरच सोडावे. हवा गिळणारा मासा मात्र पेंडीलाही कधी कधी दाद देत नाही, तेव्हा जाळे ओढून खात्री करून घ्यावी. हा उपाय स्वतःच्या बंदिस्त तळ्यापुरताच आहे. वाहत्या पाण्यात, सामाईक तलावात किंवा पिण्याच्या पाण्यात तो कदापि करू नये.

काचपेट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. शाळेत, दवाखान्यात, हॉटेलात पेटी दिसली की सेवकांनी आत सकर आहे काय, हे सहज विचारावे. नकोसा झालेला मासा दुकानदाराकडे परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. तेही न जमल्यास पाण्यात लवंगेचे तेल मिसळून त्यात मासा ठेवला असता तो गुंगीत जातो व वेदनेवाचून मरतो. मग तो पुरावा.

गुरुजींच्या घरी दोन महिन्यांनी पुन्हा जाण्याचा योग आला. नातवाला आठवड्यातून एकच वार नेमून दिला आहे, त्या दिवशी खाद्य तो टाकतो. आदल्या रात्री लावलेल्या बाटलीत चारच शूककृमी मिळाले होते. सकर मासा परसातल्या सिमेंटच्या हौदात आहे. हौदावर लोखंडी जाळी बसविली असून पाणी बाहेर जाण्याच्या भोकाला गुरुजींनी स्वतः फडके कोंबले आहे.